कंठातील गाठीचा फैसला

ज्यांची उपजीविका वाणीवर अवलंबून आहे अशा माणसांची संख्या सामान्यतः समजली जाते त्याहून पुष्कळच मोठी आहे. गवई आणि कीर्तनकार यांची गणना तर कोणीही करील; परंतु भरगच्च वर्गापुढे दिवसाचे पाच-पाच तास उभे राहणारे शिक्षक, न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडणारे वकील, बाजार समितीच्या आवारात लिलाव पुकारणारे अडते आणि फलाटावर चहा विकणारे फेरीवाले या सर्वांचे भांडवलही तेच आहे, आणि ते स्वरयंत्रातील दोन लहानशा स्वरतंतूंत साठविलेले आहे. हे भांडवल खचू लागले, म्हणजे आवाज घोगरा झाला, वरचे स्वर लागेनासे झाले किंवा बोलता बोलता शब्द हवेत विरू लागले, की त्या माणसाला दोन परस्परविरुद्ध सल्ले मिळतात. एक म्हणतो, हा सवयीचा दोष आहे, तो साधनेने जाईल. दुसरा म्हणतो, ही शरीरातील विकृती आहे, ती शस्त्राने काढावी लागेल.

या दोन मतांना पुढील संवादात समोरासमोर बसविले आहे. बुवा हे गुरुमुखातून विद्या घेतलेले गायनगुरू असून डॉक्टर हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद आहेत. वादाचे निमित्त अशी एक शिक्षिका, की जी बुवांकडे गाणे शिकते आणि जिचा आवाज तीन महिन्यांपासून बसलेला आहे. पात्रे कल्पित आहेत. त्यांची मते मात्र आपल्याकडे रोज ऐकू येणारी आहेत.

बुवा : डॉक्टर, आपल्या विद्येविषयी माझ्या मनात अनादर नाही. परंतु गळ्यात काही बिघडले की लगेच तेथे एखादी गाठ असणार आणि ती कापून काढली पाहिजे, हा जो ग्रह अलीकडे पसरला आहे, त्याला माझी हरकत आहे. ही बाई सकाळी शाळेत मुलांच्या गोंगाटावर मात करण्यासाठी ओरडते, दुपारी शिकवण्या घेते आणि संध्याकाळी, मी वारंवार बजावूनही, आपल्याला न झेपणाऱ्या पट्टीत तार सप्तकाशी झुंजते. दोष वापरात आहे, तेव्हा इलाजही वापरातच शोधला पाहिजे. काही दिवस मौन, नंतर पहाटे खर्जाची शांत साधना, कोमट पाणी, तोंडात ज्येष्ठमधाचा तुकडा. आमच्या गुरूंनी आम्हांला हेच दिले आणि आम्ही हेच पुढे देतो.

डॉक्टर : बुवा, आपले निदान खरे ठरण्याचा संभव मोठा आहे, पण ते आपण स्वरतंतू न पाहता केले आहे, एवढीच माझी तक्रार आहे. प्रौढ स्त्रीचे स्वरतंतू सुमारे 12 ते 17 मिलिमीटर लांबीचे असतात, पुरुषाचे 17 ते 25 मिलिमीटर. श्वास घेताना ते एकमेकांपासून दूर होतात, आणि बोलताना वा गाताना ते जवळ येऊन फुप्फुसातून वर येणाऱ्या हवेच्या दाबाने कंप पावतात. आपली शिष्या काळी पाचच्या पट्टीत मध्य षड्ज लावते, तेव्हा ते सेकंदाला सुमारे 233 वेळा एकमेकांवर आपटतात. तार षड्जावर हीच संख्या 466 होते. एवढे आघात सोसणाऱ्या अवयवाच्या कडेवर काय घडले आहे, हे केवळ कानांनी ठरविणे मला धाडसाचे वाटते.

बुवा : कानाला आपण कमी लेखू नये. आवाजात वारा मिसळला आहे, की तो दोन स्वरांत फुटतो आहे, की फक्त वरच्या स्वरांना अडखळतो आहे, हे मी तंबोरा जुळवताच सांगू शकतो.

डॉक्टर : सांगू शकता, आणि ते मोलाचे आहे. पण आवाज फुटतो एवढे कळल्याने तो कशामुळे फुटतो हे कळत नाही. स्वरतंतू म्हणजे नुसती ताणलेली दोरी नव्हे. जपानी संशोधक मिनोरू हिरानो यांनी 1974 साली त्याच्या थरांची जी उपपत्ती मांडली, तिच्यावर आजची आमची सारी शस्त्रक्रिया उभी आहे. आत स्नायू, त्यावर घट्ट तंतूंचे थर आणि सर्वांत वर पातळ श्लेष्मल त्वचा. या त्वचेखाली एक अत्यंत मऊ व सैल थर असतो, ज्याचे वर्णन जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ राइन्के यांनी 1895 साली केले आणि ज्याला आजही राइन्केचा अवकाश म्हणतात. हा थर सैल असतो म्हणूनच वरची त्वचा आतल्या स्नायूवर लहरत राहते आणि स्वर निर्माण होतो. बहुतेक सौम्य गाठींचा जन्म याच थरात किंवा त्याच्या आसपास होतो. परंतु त्या सर्वांची जात एक नसते.

बुवा : गाठ ती गाठ. जातीने काय फरक पडतो?

डॉक्टर : सगळा फरक जातीनेच पडतो. ज्यांना आम्ही नोड्यूल म्हणतो त्या गाठी दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर येतात, पुढच्या आणि मधल्या तृतीयांशाच्या सीमेवर, कारण आघात तेथेच सर्वांत जोराने होतो. कुदळ मारणाऱ्याच्या तळहातावर घट्टा पडावा तसा हा प्रकार आहे. प्रौढांत तो स्त्रियांमध्ये अधिक, मुलांत ओरडणाऱ्या मुलग्यांमध्ये अधिक. त्यावर पहिला इलाज शस्त्राचा नाहीच. आवाजाचा वापर सुधारला, वाचोपचार नीट झाले, तर या गाठी पुष्कळदा विरून जातात, आणि मुलग्यांच्या बाबतीत तर वयात येताना बहुधा आपोआप जातात.

बुवा : म्हणजे आपण माझेच म्हणणे मान्य केले.

डॉक्टर : नोड्यूलपुरते बिनशर्त मान्य केले. पण पॉलिप पाहा. एखादा मनुष्य एका प्रसंगी जिवाच्या आकांताने ओरडतो किंवा कडाक्याने खोकतो, स्वरतंतूतील सूक्ष्म रक्तवाहिनी फुटते, रक्त साकळते आणि पुढे तेथे बहुधा एकाच बाजूस मऊ गाठ लोंबू लागते. ती लहान असली तर विश्रांतीने जाईलही; मोठी झाली तर साधनेने जात नाही. सिस्ट तर त्याहून हट्टी. श्लेष्मग्रंथीचे तोंड बुजल्याने किंवा त्वचेच्या पेशी आत गाडल्या गेल्याने त्वचेखाली एक बंद पिशवी तयार होते. ती समोरच्या स्वरतंतूवर सतत घासते आणि तिकडेही जाडी आणते, त्यामुळे वरवर पाहणाऱ्यास ते दोन नोड्यूलच वाटतात. मग रुग्ण महिनोन्महिने मौन पाळतो, खर्ज लावतो, आवाज काही सुधारत नाही, आणि तो आपल्या साधनेलाच दोष देत बसतो. अशा वेळी स्ट्रोबोस्कोपीच्या लुकलुकत्या प्रकाशात कंपन मंदावल्यासारखे दिसते, आणि त्वचेची लहर कोठे अडते हे पाहून सिस्ट ओळखता येते.

बुवा : हे मला ठाऊक नव्हते, आणि ते ऐकून मला काळजीही वाटते, कारण माझ्या हयातीत असे शिष्य मी पाहिले आहेत की ज्यांना मी आळशी ठरविले. परंतु मला सांगा, आमची विद्या शतकानुशतके अशा यंत्रांवाचून चालत आली. गळ्यात दुर्बीण घालण्याची कल्पना तर गाण्याच्या जगाला परकी आहे.

डॉक्टर : येथे इतिहास आपल्या विरुद्ध साक्ष देतो, बुवा. जिवंत माणसाचे गाते स्वरतंतू आरशात पाहण्याची रीत ज्याने जगाला दिली, तो डॉक्टर नव्हता, तो आपल्यासारखाच गायनगुरू होता. मान्युएल गार्सिया हा 1805 साली जन्मलेला स्पॅनिश गायनशिक्षक. स्वर कसा उपजतो हे प्रत्यक्ष पाहावे हा त्याला ध्यास लागलेला होता. 1854 साली पॅरिसमध्ये त्याने दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा विकत घेतला, तो गरम करून पडजिभेपाशी धरला, दुसऱ्या आरशाने सूर्यप्रकाश त्यावर टाकला आणि आपलेच स्वरतंतू उघडताना व मिटताना पाहिले. पुढल्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. व्हिएन्नाचे ट्युर्क आणि बुडापेस्टचे चेर्माक या वैद्यांनी ती रीत रोगनिदानासाठी वापरात आणली, ती नंतर. आमचे सारे शास्त्र एका गुरुजींचे ऋणी आहे.

बुवा : हा गार्सिया आपल्या शिष्यांचे बसलेले आवाज कसे सुधारीत असे?

डॉक्टर : तेही सांगितले पाहिजे, कारण ते आपल्या बाजूचे आहे. 1841 साली स्वीडनची तरुण गायिका जेनी लिंड त्याच्याकडे आली, तेव्हा अतिश्रमाने तिचा आवाज पार थकलेला होता. त्याने तिला आधी काही आठवडे गाण्याची संपूर्ण मनाई केली, आणि त्यानंतर मुळापासून श्वास व स्वर यांचे शिक्षण दिले. पुढे ती युरोप-अमेरिकेत विख्यात झाली. मौनाचा हुकूम देणारा आणि आरसा हाती घेणारा मनुष्य एकच होता, हे आपण दोघांनीही ध्यानात ठेवावे.

बुवा : ठेवतो. आता माझी खरी भीती बोलून दाखवतो. पाहण्याला माझी ना नाही. पण पाहिल्यानंतर शस्त्र येते आणि शस्त्रानंतर गाणे राहत नाही. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या चित्रपटातील ज्युली अँड्र्यूज यांचा आवाज जगाने ऐकला होता. 1997 साली स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांचा तो गाता आवाज परतला नाही. जी गाठ प्राणघातक नव्हती, तिच्यासाठी एवढी किंमत?

डॉक्टर : ती घटना आमच्या विद्येतील प्रत्येकाने स्मरणात ठेवण्यासारखी आहे. धोका कोठे आहे तेही सांगतो. मी ज्या सैल थराविषयी बोललो, तो एकदा खोलवर दुखावला की तेथे व्रण धरतो; व्रण धरलेली त्वचा लहरत नाही, आणि असा गेलेला लवचीकपणा पूर्ववत देणारा खात्रीचा इलाज आजही आमच्याकडे नाही. म्हणून 1960च्या दशकात जर्मनीच्या क्लाइनसासर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली स्वरयंत्राची शस्त्रक्रिया रूढ केली, तेव्हापासून आमचा सारा प्रवास कमीत कमी कापण्याकडे झाला आहे. रुग्णाला पूर्ण भूल देऊन तोंडावाटे नळी आत जाते, बाहेर एकही छेद नसतो. सिस्ट काढायची तर वरच्या त्वचेचा लहानसा पडदा उचलून, खालच्या स्नायुबंधास धक्का न लावता ती सोडवून घेतात आणि तीच त्वचा पुन्हा जागेवर बसवितात. दोन्ही स्वरतंतूंच्या पुढच्या सांध्यापाशी एकाच वेळी कच्ची जखम होऊ देत नाहीत, कारण तेथे दोन्ही कडा चिकटून पडदा तयार होतो. दुसऱ्या बाजूने, ब्रिटिश गायिका अडेल यांच्यावर नोव्हेंबर 2011 मध्ये बॉस्टनला शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारी 2012 मध्ये त्या पुन्हा रंगमंचावर गात होत्या. एका उदाहरणाने शस्त्राचा धिक्कार होत नाही आणि दुसऱ्याने त्याला सरसकट परवानाही मिळत नाही.

बुवा : मग शस्त्र कोठे मंजूर करावे आणि कोठे नामंजूर, याचा आपण काही दंडक सांगाल?

डॉक्टर : नोड्यूलला प्रथम नामंजूर. सिस्टला बहुधा मंजूर. पॉलिपचे त्याच्या आकारावर आणि रुग्णाच्या गरजेवर अवलंबून. स्वरतंतूंच्या मागच्या भागात, कूर्चेच्या टोकावर येणारा ग्रॅन्युलोमा हा जठरातील आम्ल वर आल्याने, सतत घसा खाकरल्याने किंवा भूल देताना घातलेल्या नळीच्या घर्षणाने होतो. त्याचे कारण दूर न करता तो नुसता कापला तर तो पुष्कळदा पुन्हा उगवतो. धूम्रपान करणाऱ्यांचा राइन्केचा अवकाश द्रवाने फुगतो आणि आवाज इतका जाड होतो की स्त्रीला टेलिफोनवर पुरुष समजतात. तेथे पहिला इलाज विडी-सिगारेट सोडणे हाच. आणि काही दोष गाठीचे नसतातच. स्वरतंतूच्या कडेला लांबट चर असतो, ज्याला सल्कस म्हणतात. त्यामुळे कडा मिटत नाहीत आणि आवाज जन्मभर वाऱ्यासारखा क्षीण राहतो. अशा माणसाला अधिक जोराने गायला सांगणे हा अन्याय आहे.

बुवा : आणि लहान मुले? घोगरा आवाज हा मुलाच्या प्रकृतीचाच भाग समजून आईबाप स्वस्थ बसतात.

डॉक्टर : तेथे तर स्वस्थ बसण्याला वावच नाही. तान्ह्या मुलाच्या श्वासाला आवाज येतो त्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे स्वरयंत्राच्या कूर्चांचा मऊपणा, आणि तो बहुतेक मुलांत दीड-दोन वर्षांत आपोआप जातो. परंतु क्वचित स्वरतंतूंमध्ये जन्मजात पडदा असतो, किंवा पॅपिलोमा नावाच्या चामखिळीच्या जातीच्या गाठींचे घोस स्वरतंतूंवर वाढतात. हा रोग ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या 6 आणि 11 या प्रकारांमुळे होतो. गाठी सौम्य असूनही श्वासमार्ग बंद करू शकतात, काढल्या तरी पुन्हा येतात, आणि काही मुलांना वारंवार शस्त्रक्रिया सोसाव्या लागतात. समाधानाची गोष्ट ही की ऑस्ट्रेलियाने 2007 पासून या विषाणूची लस सार्वत्रिक दिली, आणि पुढील दशकात तेथील बालकांतील हा रोग झपाट्याने ओसरला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 2023 साली बाजारात आणलेली सर्व्हाव्हॅक ही लसही 6, 11, 16 आणि 18 या चारही प्रकारांविरुद्ध आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी दिलेली लस पुढच्या पिढीच्या बाळांचा गळाही राखू शकते, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

बुवा : आपण सौम्य, सौम्य असे म्हणता, पण ती गाठ सौम्यच आहे असा दाखला कोण देणार?

डॉक्टर : हा सर्वांत गंभीर प्रश्न आपण विचारलात, आणि त्याचे उत्तर मी आमच्याच शास्त्राच्या एका दुःखद प्रकरणातून देतो. 1887 साली जर्मनीचा युवराज फ्रीडरिख याचा आवाज घोगरा झाला; डाव्या स्वरतंतूवर गाठ दिसली. जर्मन वैद्यांना कर्करोगाचा संशय आला आणि त्यांनी बाहेरून छेद घेऊन शस्त्रक्रिया करण्याचे ठरविले. इंग्लंडहून बोलाविलेल्या मोरेल मॅकेंझी यांनी आधी गाठीचा तुकडा तपासण्याचा आग्रह धरला. रुडोल्फ फिर्खो यांच्यासारख्या श्रेष्ठ विकृतिशास्त्रज्ञाने तो तपासला आणि त्यात कर्करोग आढळला नाही. शस्त्रक्रिया तहकूब झाली. फेब्रुवारी 1888 मध्ये श्वास कोंडल्याने युवराजाच्या श्वासनलिकेस छिद्र पाडावे लागले, 9 मार्चला तो सम्राट झाला, आणि 99 दिवस राज्य करून 15 जून रोजी मरण पावला. शवपरीक्षेत कर्करोग निघाला. तुकडा घेण्याचा आग्रह चुकीचा नव्हता. पण एका तुकड्याचा दाखला कायमचा मानणे चुकीचे होते. गाठ वाढत राहिली, स्वरतंतू हलेनासा झाला, की आधीचा फैसला रद्द समजून पुन्हा तपास केला पाहिजे.

बुवा : डॉक्टर, आपण दाखविलेल्या प्रामाणिकपणामुळे मला माझी बाजू अधिक स्वच्छपणे मांडता येते. आपण गाठ ओळखाल, आवश्यक तर काढाल. पण ती शिक्षिका सोमवारी पुन्हा त्याच वर्गात जाईल, तोच गोंगाट, तेच ओरडणे. गाठ ज्या कारणाने आली, ते कारण शस्त्राने कापता येत नाही. तिला श्वास कोठून घ्यावा, शब्द दातओठांत कसा स्पष्ट करावा म्हणजे तो जोर न लावता शेवटच्या बाकापर्यंत जाईल, आपली पट्टी कोणती, हे कोणीतरी शिकवलेच पाहिजे.

डॉक्टर : यावर माझी हरकत तर नाहीच, उलट ही माझ्या चिकित्सेची दुसरी अर्धी बाजू आहे, आणि ती बहुधा अपुरी राहते. प्रशिक्षित वाचोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांबाहेर दुर्मिळ आहेत. फक्त दोन गोष्टींत आपल्याला दुरुस्ती सुचवितो. ज्येष्ठमध, गुळण्या, खडीसाखर यांनी घशाला आराम पडतो. पण गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंना तिचा स्पर्श होत नाही, आणि झाला तर ठसका लागतो. पाणी भरपूर पिणे आणि साधी वाफ घेणे यांनी मात्र ते ओलसर राहतात. आणि मौन म्हणजे कुजबुज नव्हे. जोर लावून केलेल्या कुजबुजीने स्वरयंत्रावर पुष्कळदा ताणच पडतो.

बुवा : दोन्ही मान्य. त्या बाईंना मी उद्याच आपल्याकडे पाठवितो. परंतु आपल्याकडून त्या परत माझ्याकडे आल्या पाहिजेत.

डॉक्टर : त्या आपल्याकडे येतील, आणि येताना माझे टिपणही आणतील, कारण गळ्यात काय आहे हे गुरूला ठाऊक नसेल, तर कोणता स्वर किती काळ लावू द्यावा हे त्याने ठरवावे तरी कसे?

संवाद येथे संपतो, आणि लेखकाचे मत स्पष्ट सांगण्याची वेळ येते. बुवा आणि डॉक्टर यांचा विरोध चिकित्सेच्या क्रमाचा होता, तत्त्वाचा नव्हता. साधना हा पुष्कळ गाठींवरचा खरा इलाज आहे, परंतु ती गाठ कोणत्या जातीची हे पाहिल्याशिवाय साधना सांगणे म्हणजे पुरावा न तपासता निकाल देणे होय. आणि शस्त्र हा काही गाठींवरचा खरा इलाज आहे, परंतु ज्या सवयीने गाठ आली तिला हात न लावता शस्त्र चालविणे म्हणजे निकाल देऊन त्याची अंमलबजावणी सोडून देणे होय. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2018 साली दिलेला दंडक आपल्या खेड्यापाड्यांतही पाळता येण्याजोगा आहे : चार आठवड्यांत बसलेला आवाज सुधारला नाही तर स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहावे, आणि ते पाहण्याआधी प्रतिजैविकांचा किंवा आम्लपित्ताच्या औषधांचा मारा करू नये. धूम्रपान करणारा मनुष्य, श्वासास अडथळा, थुंकीतून रक्त, गिळताना त्रास किंवा मानेवर गाठ, यांपैकी काहीही असेल तर चार आठवड्यांचीही मुदत घेऊ नये.

वाचकांपैकी जे शिक्षक आहेत, त्यांनी आपला घोगरा आवाज हा नोकरीचा अपरिहार्य भाग म्हणून स्वीकारू नये. जे शाळांचे चालक आहेत, त्यांनी मोठ्या वर्गांत साधा ध्वनिवर्धक बसवावा, त्याचा खर्च एका शस्त्रक्रियेपेक्षा कमी येतो. आणि ज्यांच्या घरात तीन महिने आवाज बसलेले माणूस आहे, त्यांनी त्याला या आठवड्यातच जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात न्यावे. ही तपासणी काही मिनिटांत होते.